नकाशातली दोघं

आर्किटेक्टच्या ऑफिसात त्याला रेघोजी म्हणत ते काही उगीच नाही. सत्तावीस वर्षं माणसाने रेघाच मारल्या. बाकी सगळ्यांनी कॉम्प्युटर धरला. हा पठ्ठ्या आपला ट्रेसिंग पेपर, शाईचं पेन आणि चुकलेली रेघ खरवडायला अर्धं ब्लेड घेऊन बसलेला. बॉस म्हणायचे, "असू दे, एखाद्या हौशी गिऱ्हाइकाला हाताचं काम दाखवता येतं."

त्याची एक खोड होती. घर मधोमध कापलं तर आतून कसं दिसेल, तसा उभा छेद काढतात आणि उंचीचा अंदाज यावा म्हणून त्यात एखादं माणूस उभं करतात. रेघोजी दोन करायचा. वाकलेला चष्मेवाला म्हणजे स्वतः, आणि कमरेवर हात ठेवलेली बुटकी बाई म्हणजे बायको. किती शाळा, किती दवाखाने, सगळीकडे ही जोडी हजर! "आज कुठे नेलंत मला?" असं बायको रोज विचारायची आणि हा खुलायचा. मूलबाळ नव्हतं. ती होती, आणि त्याला तेवढं पुरत होतं.

मग ते हौशी गिऱ्हाईक आलं. साहेबांना तळ्याकाठी बंगला हवा होता. महागडा, पण आत जवळजवळ काही नको. दगडी फरशी, एक भिंत, पुढे काच आणि काचेला टेकलेलं पाणी. बरोबर त्यांची बायको होती. तिने नकाशावर बोट ठेवलं. "माझी खुर्ची इथे हं, पाण्याकडे तोंड करून." रेघोजीने ती तिथल्या तिथे काढून दिली. बाई हसली, कॉफी प्यायली, कपाला लिपस्टिकचा ठसा राहिला.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. "ती खुर्ची काढा. गर्दी वाटते."

एका खुर्चीची कसली आलीय गर्दी! पण सांगितलं म्हणून त्याने खरवडली.

पुढच्या आठवड्यात साहेब एकटेच आले.

"मॅडम नाही आल्या?"

"कोण मॅडम?" साहेबांनी शांतपणे विचारलं. "माझं लग्न झालेलं नाही."

रेघोजीला आधी थट्टाच वाटली. बाहेर जाऊन त्याने रिसेप्शनवरच्या ताईंना विचारलं. "अहो भाऊ, ते तेव्हाही एकटेच होते की! बरं आहे ना तुम्हाला?" बॉसही तेच म्हणाले. त्याला ती खरवडलेली खुर्ची आठवली.

परत आला तर साहेब उभ्या छेदावर वाकलेले. "ही दोघं कशाला? घर एका माणसाचं आहे."

"साहेब, ती नुसती अंदाजासाठी असतात हो."

"मग एकाने भागेल. बाईला काढू." आणि त्यांनी ब्लेड उचललं.

रेघोजीने जन्मात गिऱ्हाइकाच्या हातातून काही हिसकावलं नव्हतं. त्या दिवशी हिसकावलं. "थांबा, थांबा, मी करतो!" कागदच फाडावा, असं मनात आलं, पण फाडला तर तीही जायची. त्याने चष्मेवाल्यावर ब्लेड टेकवलं. डोकं, खांदे, मग पाय. भुकटी फुंकून टाकली. कमरेवर हात ठेवून बायको जागच्या जागी होती.

"छान," साहेब म्हणाले. "आता मोकळं वाटतंय."

रेघोजी धावत सुटला. ताईंनी मान वर करून पाहिलंही नाही. घरापाशी खिसे चाचपले, तर किल्ली नाही. त्याने बेल दाबली आणि जीव मुठीत धरून उभा राहिला.

दार उघडलं. बायको! धडधाकट, ओले हात पदराला पुसत. त्याला इतकं हायसं वाटलं की रडूच फुटलं.

"कोण हवंय?" तिने विचारलं.

"अगं, मी..." तो पुढे झाला. तिने घाबरून दार अर्धं लोटलं. तिचं ते घाबरणं त्याला सोसवेना. दोन पावलं मागे सरून तो म्हणाला, "मीटर बघायला आलोय. जरा ऊन लागलं."

"मग बसा की पायरीवर. पाणी आणते."

तिने तांब्या आणला. तो हातात घेत त्याने विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"मी एकटीच," ती म्हणाली. "पहिल्यापासून. का हो?"

रेघोजी ते पाणी जमेल तितकं सावकाश प्यायला.