बिराप्पाकाकांची रुसलेली किडनी

जुळे सोलापुरातल्या माझ्या मैत्रिणी चहाला जमल्या की आधीच बजावतात, "वॉर्डातलं सांग, पण रडवू नकोस." मी पडले नर्स. किस्से काही मी गोळा करायला जात नाही. ड्युटी संपवून घरी आले तरी माणसं मागोमाग येतात. त्यातलेच हे बिराप्पाकाका आणि त्यांची बायको, बायडामावशी.

काका सांगोल्याकडचे, मेंढरं राखणारे. कावीळ झाली तेव्हा गावातच झाडपाल्याचं औषध घेत राहिले. आमच्याकडे आले तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात पाणी साचलेलं आणि लघवी जवळजवळ बंद.

किडनीचं नाव काढल्यावर मावशींचा धीरच सुटला. आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवून समजावलं, "मावशी, किडनी मुळात चांगली आहे. लिव्हर फार बिघडलंय, म्हणून किडनीला पुरेसं रक्त मिळत नाही. शिवाय एवढी कावीळ अंगात साचली की तिचाही त्रास किडनीला होतो. लिव्हर सावरलं, तर किडनी पुन्हा कामाला लागू शकते."

मावशींनी जरा विचार केला. "म्हंजी ती रुसलीय, मेली न्हाय."

"बरोबर. पण फार दिवस रुसू द्यायची नाही."

तेव्हापासून राऊंडला मॅडम किडनीचा, म्हणजे क्रिएटिनिनचा, रिपोर्ट मागायच्याच नाहीत. विचारायच्या, "सिस्टर, रुसवा कुठवर आलाय?"

*

लिव्हर म्हटलं की लोक दारूच धरतात. काकांना होता हिपॅटायटिस बी, दारूला ते कधी शिवलेही नव्हते. पण शेजारच्या कॉटवर अकलूजचे एक रिटायर्ड गुरुजी होते. ते रोज काकांना ऐकवायचे, "दारूनं संसाराचं वाटोळं होतं बघा." काका आपले मान हलवायचे.

एकदा मलाच राहवेना. "काका, तुम्ही सांगत का नाही त्यांना?"

काका हळूच म्हणाले, "बोलू द्या की. त्येंचा ल्योक हितंच बसलेला असतोय. त्येला सांगत्यात ते."

*

पोटात पाणी, म्हणून काकांचं मीठ तोडलेलं. मावशीही तीच अळणी आमटी भाकरीवर ओतून खायच्या. मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला मीठ चालतं की."

"चालतंय. पर चवीनं खाल्लं की माज्या तोंडावर दिसतंय. त्येंला लगीच कळतंय."

*

सलाईनमधून औषधं चालू होती, तरी लघवीची पिशवी रिकामीच. मॅडमनी एकदा डायलिसिसचा विषय काढला, त्या दिवशी मावशींनी डबा उघडलाच नाही.

मग एका सकाळी पिशवीच्या तळाशी थोडीशी लघवी दिसली. काळ्या चहासारखी, पण होती. दुपारपर्यंत आणखी वाढली. मावशी खाली गेल्या, पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या आणि प्रत्येक कॉटपाशी वाटत सुटल्या.

गुरुजींनी विचारलं, "कशाचे? नातू झाला का?"

"न्हाय. आमचं मालक मुतलं."

वॉर्डात कुणी हसलं नाही. गुरुजींनी पेढा कपाळाला लावला आणि मग तोंडात टाकला.

*

काकांना घरी सोडायचा दिवस. किडनी ताळ्यावर आली होती, लिव्हरचं मात्र सांभाळून राहावं लागणार होतं. मी बजावलं, "गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. कंबर दुखली म्हणून मनानं पेनकिलर घ्यायची नाही. तपासणीला यायचं." काकांनी सगळ्याला "व्हय" म्हटलं.

मी कागद आणायला वळले, तर मावशींनी त्यांना खिडकीपाशी उजेडात बसवलं. मॅडम करतात तशी अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढली. एक डोळा पाहिला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला. पिवळेपण जवळजवळ गेलं होतं, तरी त्यांचं बघणं काही संपेना.

काका अवघडले. "आता काय डाक्टरीन झालीस व्हय? सोड की, समदी बगत्यात."

"गप बसा," मावशी म्हणाल्या. "लग्नात बगायचं ऱ्हायलं हुतं."