ऐंशी सालची रांग

पंचफुला बोरीची. औरंगाबादला कॉम्प्युटर शिकून ती ब्याण्णव साली आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात लागली आणि माझ्या घराच्या मागच्या खोलीत राहायला आली.

कारखान्याला दोन फाटकं, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. दोन्हीकडे एकेक कॉम्प्युटर, मधे तार. उसाची बैलगाडी आली की वेळ छापलेली पावती निघे. ज्याची वेळ आधीची, त्याची गाडी आधी वजनकाट्यावर.

एकदा ती डबा विसरली म्हणून तो घेऊन मी कारखान्याच्या जीपमधून गेले, तर काट्यापाशी भांडण पेटलेलं.

"आमी सकाळपासून उभे हाव, अन् ह्यो आश्रुबा आत्ता येऊन आत चाललाय!"

"कागद बघ की," ताडकळसचा आश्रुबा पावती नाचवत म्हणाला. "मी ऐंशी सालापासून उभा हाय."

"ऐंशीत तुझा बैल तरी जन्मला व्हता का रे?"

पश्चिम फाटकाच्या मशीनमधली घड्याळाची बॅटरी संपली होती. लाईट गेली की त्याचं घड्याळ थेट एक जानेवारी १९८० वर जाई. गाडीवानांना हे कळल्यापासून सगळी गर्दी त्याच फाटकावर.

मॅनेजर व्यंकटराव पंचफुलावर तापले होते. "बाई, आज रांग सरळ करा. न्हाई तर उद्यापासून पावत्या हातानं, अन् तुमी घरी."

घरी म्हणजे बोरीला. तिथे वडील स्थळ बघून बसले होते. पंचफुला डब्यातली भाकरी नुसती मोडत बसली.

"नवी बॅटरी घाल ना," मी म्हटलं.

"घालीन. पण काकू, दोन घड्याळं कधी जुळतात का? तुम्ही रोज डायरी लिहिता, तिच्यात तरी वेळ कुठे असते? दूध आल्यावर पत्र आलं, पत्र वाचल्यावर शेजारच्या तानुबाई आल्या. तरी सगळं सरळ कळतं."

बोलता बोलता ती थांबली, आणि डबा तसाच ठेवून मशीनकडे गेली.

संध्याकाळपर्यंत पावतीवरून वेळ गेली, नंबर आला. एका फाटकावर पावती निघाली की तिचा नंबर तारेनं दुसरीकडे जायचा. तिथली पुढची पावती त्याच्या पुढच्या नंबराची. लाईट गेली तरी शेवटचा नंबर मशीनमध्ये राहायचा. दोन्हीकडे एकदमच तोच नंबर निघाला, तर पूर्वेची गाडी आधी.

"पूर्वेचीच का म्हून?" कोणीतरी विचारलं.

"कोणतं तरी एक ठरवायला पाहिजे, दादा. एकदा ठरलं की भांडण नाही."

दुसऱ्या दिवशी आश्रुबा रांगेच्या शेवटी. "बाई, माझं ऐंशी साल कुठं गेलं वो?"

"संपलं, मामा."

तो खो खो हसला, बैल सोडले आणि गाडीच्या सावलीत आडवा झाला.

व्यंकटराव पुन्हा घरी जा म्हणाले नाहीत. पंचफुला माझ्याकडेच राहिली, आणि डबा विसरायची खोडही तशीच राहिली.