मिंगेलबाबचा उजवा हात

“मिंगेलबाब, हात वर!” मी ओरडलो. पण उशीर झाला होता. मिंगेलबाबने खिशातली पुडी काढली आणि क्रॅकरच्या तयार ट्रेवर मूठभर गव्हाचा कोंडा भुरभुरला.

मी मोरजीच्या एका रिसॉर्टचं परचेस बघतो. म्हणजे सुईपासून स्पीडबोटीपर्यंत लागेल ते शोधायचं. त्या आठवड्यात हवे होते ग्लुटेन-फ्री क्रॅकर. पुण्याहून आलेल्या सहा वर्षांच्या रेवाला सीलिअ‍ॅक, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आजार, होता. ग्लुटेन म्हणजे गव्हातला तो पदार्थ, ज्यामुळे कणीक ताणते. त्याचा कण पोटात गेला तरी पोरगी दोन दिवस कळवळायची. रोज पाच वाजता बाकीची पोरं कुडुमकुडुम क्रॅकर खात आणि ही केळं घेऊन बसे. त्या केळ्याकडे अशी बघे, की केळंच लाजून काळं पडे.

मोपा ते वास्को मी एवढी दुकानं पालथी घातली, की गाडीचं स्टिअरिंग आपोआप किराण्याकडे वळू लागलं. मिळालं एकच पाकीट. त्यावर बारीक अक्षरांत ‘गव्हाचा अंश असू शकतो.’

शेवटी पेडण्याचा पोदेर, म्हणजे पाववाला मिंगेलबाब, उचलून आणला. त्याच्या भट्टीत काम नको. तिथे हवेत गव्हाचं पीठ एवढं, की खोल श्वास घेतला तर पोटात पोय, म्हणजे कोंडा लावलेला पाव, भाजून निघते. त्याला आंघोळ घातली, नवा शर्ट दिला, खोक्यातला कोरा ओव्हन काढला, नव्या मिक्सरवर नाचणी-तांदूळ दळले. क्रॅकर फक्कड झाले. पँटचे खिसे तेवढे तपासायचे राहिले.

“कितें केलंस हें?”

“सवय रे! पोय कोंड्यातच लोळता. तीस वर्सां हात असोच वता.” म्हणजे हात आपोआप कोंड्याकडे जातो.

दारात रेवा आईसोबत बशी घेऊन उभी होती. “आता नाही मिळणार?” तिने आईला विचारलं. त्यांच्यामागून माझ्या जीएम, म्हणजे रिसॉर्टच्या मॅनेजर मॅडम, म्हणाल्या, “नाईक, हिला उद्यापण केळंच द्यायचं का?”

सगळं फेकलं. ओटा तीनदा पुसला. मिंगेलबाबची दुसरी आंघोळ झाली. दोन आंघोळी एका दिवसात, पेडण्यात अजून कोणी मानत नाही. पुडी जप्त केली, तर त्याचा हात हवेत भुरभुरत राहिला आणि क्रॅकर झाले फाटक्या नकाशासारखे.

“हाताक कितें तरी उडोवंक जाय,” हाताला उडवायला काहीतरी हवंच, म्हणत तो रडकुंडीला आला.

मग माझी ट्यूब पेटली. त्याच्या उजवीकडे वाडगाभर तांदळाचं पीठ ठेवलं. हात गेला, भुरभुरला, लय सापडली. असे गोल क्रॅकर, की कंपासपेटीने शरमावं!

रेवाने अकरा खाल्ले. दुसऱ्या दिवशी ती पोहत होती, आणि तिची आई मला शोधत आली ती भांडायला नव्हे, घरी न्यायला डबाभर क्रॅकर मागायला.

जुन्या कारागिराचा हात धरू नये. त्याच्या शेजारचं पीठ बदलावं. आणि खिसे तपासावेत.