बोटआजी आणि नोरा

आमच्या घरमालकीणबाईंना कुठलाही विषय चालायचा, फक्त तो शेवटी बोटीवर यायला हवा. अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनी गावात बर्फ पडला की बोटीवरची थंडी निघायची, माझी आमटी खारट झाली की बोटीवरचं खारवलेलं मांस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या आईवडिलांबरोबर आयर्लंडहून अमेरिकेला आल्या, तेव्हा जेमतेम पाच वर्षांच्या होत्या. पण ऐकणाऱ्याला वाटावं, बोटीच्या कप्तान याच! ऐंशीच्या दशकात आम्ही नवराबायको त्यांच्या माडीवर भाड्याने राहायचो. नवऱ्याने त्यांचं नाव ठेवलं बोटआजी.

"तुम्ही विमानवाले लाडावलेले," त्या मला सुनवायच्या. "आठवण आली की आईला फोन लावता." त्यांच्या गावात अमेरिकेला निघालेल्यांचं जिवंतपणीच मर्तिक करायची रीत होती. गेलेलं माणूस परत दिसायचं नाही, म्हणून सारं गाव आदल्या दिवशी जमून रडून घ्यायचं. हे सांगतानासुद्धा त्या हसायच्या. गप्प व्हायच्या त्या एकाच गोष्टीवर. धाकटी बहीण नोरा तेव्हा तान्ही होती, तापाने फणफणलेली. तिला बोटीवर घेईनात, म्हणून गावीच त्यांच्या आजीजवळ ठेवलं. पुढच्या वर्षी आणू, पुढच्या वर्षी आणू म्हणता म्हणता जन्म गेला.

एका उन्हाळ्यात नोराच्या शेजारणीचा फोन आला. नोरा आजारी आहे, बहिणीची आठवण काढतेय. बोटआजींचा मुलगा तिकीट काढायला तयार होता, पण त्या स्वयंपाकघरातून हलेनात.

"तिथे माझं रडून झालंय," त्या म्हणाल्या. "मेलेल्यांनी परत जायचं नसतं." मग हळूच म्हणाल्या, "तिने दार उघडलं नाही तर?"

मला रडू आणि राग एकदमच आला. "आजी, माझी धाकटी बहीणही माझ्याशी अबोला धरते. पण मी माहेरी गेले की दार उघडायला तीच धावते. जा तुम्ही!"

"अगं, नव्वदीच्या बाईला एवढा ट्रॅव्हल झेपेल का, यार?" नवरा कुजबुजला. त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं.

निघताना मी त्यांच्या तळहातावर दही-साखर ठेवली. औषध समजून त्यांनी तोंड वाकडं करत चाटली.

"माणूस परत यावं म्हणून देतात," मी सांगितलं.

"मग आणखी दे. म्हातारी आहे मी."

उन्हाळा सरला, झाडांची पानं गळली, तरी त्या येईनात. न राहवून मी फोन लावला. मागे कुणीतरी किरट्या आवाजात तावातावाने बोलत होतं.

"ऐकलंस? ती नोरा!" बोटआजी म्हणाल्या. "मला बघून उठून बसली आणि भांडायलाच लागली. मला टाकून गेलात म्हणते. रोज सकाळी नव्याने सुरुवात."

"मग या ना घरी."

"वेडी की काय? तिचं आत्ता कुठे सुरू झालंय. सगळं ऐकून घेतल्याशिवाय कशी येऊ?"

त्या परत आल्या नाहीतच, नोरापाशीच राहिल्या. मला फार आनंद झाला, आणि जिन्यात बसून मी पोटभर रडले.