हंड्याशी बोलणारी जाऊ

“अबे दिनकर, भाईर निघ!”

धबधब्याच्या आवाजावर चढलेली ती हाक माझ्या धाकट्या जावेची होती. दिनकर म्हणजे माझा नवरा, तिचा भासरा, मोठा दीर. तो दगडी कमानीखाली पाय पसरून बसला होता. वरून नाल्याला लाल पाणी येत होतं आणि त्याची तिकडे पाठ होती.

इतकी वर्षं एका घरात राहून ती भासऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. आमच्याकडची रीतच तशी. काही सांगायचंच असलं, तर ती ओट्यावरच्या हंड्याला सांगायची. “हंड्या, गिरणी बंद हाये म्हणा आज.” तो ऐकायचा आणि उत्तर मला द्यायचा. गावातल्या बाया तिला मुकी म्हणत. मुकी कसली! माझ्याजवळ बसली की तिला थांबवावं लागे. भासऱ्याच्या चालण्याची नक्कल अशी करायची, की हसून माझं पोट दुखायचं.

सहलीचा बेत त्याचाच. ती कमान त्यानं मोबाइलवर पाहिली होती. “सोपी वाट हाये, लेकरंबी जातात. धबधब्यात पाय भिजवू, कमानीखाली डबे खाऊ.” जावेचं माहेर त्याच डोंगराच्या पायथ्याशी. ती हंड्याला म्हणाली, “माथ्यावर आभाळ काळं असलं तं कमानीखाली बसू नये म्हणा. नाला सांगून येत नाही.”

तो मला म्हणाला, “सांग तिले, मी काय आज जन्मलो काय? डबे बांधा.”

माथ्यावर आभाळ काळंच होतं. तिचा नवरा लेकरांना घेऊन खाली गाडीजवळ थांबला. मी काठावर डबे सोडत होते, मला पाणी दिसलंच नाही. तिनं पाहिलं. आता डोंगरात हंडा कुठून आणायचा?

माझा नवरा उठला, तो पाणी पाहून नाही. धाकट्या भावाच्या बायकोनं ‘अबे’ म्हटलं म्हणून उठला. हात उगारून तिच्या अंगावर काठापर्यंत चालून आला. “कोणाले अबे म्हणून राह्यली वं?” त्याच्या मागं सतरंजी, काठी, चपला, सगळं पाण्यानं नेलं.

घरी आल्यावर गावभर काय सांगितलं यानं? ‘अबे’ सांगितलं. पाणी नाही सांगितलं. तिच्या हातचं जेवण सोडलं, ते ती मरेपर्यंत. ती पुन्हा हंड्याशी बोलू लागली. मी चिडले तर मलाच म्हणाली, “जाऊ द्या बाई. एकदा तं मन भरून बोलली मी.”

गेल्या उन्हाळ्यात ती तापानं गेली. तेरवीला घाटंजीचे पाहुणे पंगतीत बसले होते. त्यांच्यात बसून हा म्हणतो, “बाई चांगली होती, पण जिभेले हाड नव्हतं.”

वरणाचं भांडं मी खाली ठेवलं. जन्मभर ‘अहो’ म्हटलेल्या माणसाला सगळ्यांसमोर म्हटलं, “दिनकर, ऊठ पानावरून.”

उठला. तिच्या एका ‘अबे’नं त्या कमानीखालून जिवंत निघाला, तो हाच.