रमजानमधली गोळी

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. अब्बा कारखान्यातल्या युनियनचे. त्यांच्या पत्रकांवर बोट फिरवत मी वाचायला शिकलो. त्यामुळे अन्याय दिसला की मला आधी मथळा सुचतो. स्वतः गर्दच्या नादी लागलो, तेव्हा मात्र एकही सुचला नाही.

गर्द सुटावी म्हणून रोज सकाळी व्यसनमुक्ती केंद्रावर जायचो. नर्सबाई गोळी कुटून जिभेखाली ठेवायच्या. विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही. मग आ करून दाखवायचं. माझ्यासारख्या बडबड्याला ही शिक्षाच होती. पण त्या गोळीनं हाडं ठणकायची थांबली. मी जेवायला लागलो, बुधवार पेठेतल्या एका प्रकाशकाकडे प्रुफं तपासायचं काम मिळालं. घरी अम्मीला एवढंच दिसत होतं, की पोरगा सुधारला. गोळीचं तिला ठाऊक नव्हतं.

मग रमजान आला. "या वर्षी धरशील ना रोजे?" तिनं विचारलं. कित्येक वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणालो.

केंद्र दुपारीच बंद व्हायचं. दिवसा गोळी घेतली की रोजा गेला. डॉक्टरांना म्हटलं, गोळी घरी द्या, सूर्यास्तानंतर घेईन.

"नवीन पेशंटला घरी देत नाही. बाहेर विकल्या जातात."

मी तिथल्या तिथं अर्ज लिहिला : रमजानमध्ये केंद्र संध्याकाळी उघडं ठेवा, नाहीतर गोळ्या घरी द्या. खाली सह्यांसाठी रेघा मारल्या. रांगेत रिक्षा चालवणारे एक चाचा होते. त्यांनी अर्ज शांतपणे वाचला.

"झकास लिहिलंयस. म्हणजे मी गर्दुल्ला आहे, हे आता सहीनिशी कळवू? मुलीचं लग्न ठरतंय माझ्या."

"चाचा, आजारी माणसाला रोजा माफ असतो. आपण आजारी आहोत."

"हो का? अम्मीला सांगितलंस हे?"

रेघा कोऱ्याच राहिल्या.

पहिले तीन दिवस मी सकाळी गोळी घेतली आणि संध्याकाळी रोजेदार म्हणून रोजा सोडायला दस्तरखानावर बसलो. अम्मी स्वतः रोजे धरत नाही. तिला मधुमेह आहे, इन्सुलिन घेते. तिला कुणी चकार शब्द बोलत नाही. पहिला खजूर ती माझ्या हातावर ठेवायची. चौथ्या संध्याकाळी तो मी परत ताटलीत ठेवला. मी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे अजून घेतोसच."

"औषध आहे ते, अम्मी. तुझ्या सुईसारखं."

"माझी सुई फ्रीजमध्ये असते, सगळ्यांसमोर. तुझी गोळी कुठं असते?"

गोळी घरी न्यायलाच बंदी होती. अब्बा खाली मान घालून जेवत राहिले. जन्मभर सभा गाजवलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रावर गेलो नाही. खरा रोजा धरला. तो दिवस निभावला. मग जांभया सुरू झाल्या, नाक गळू लागलं, आणि तिसऱ्या दिवशी पाय असे ओढू लागले की मी भिंतीवर टाचा आपटत होतो. अम्मी उशाशी बसून दुआ पुटपुटत होती. "निघतंय सगळं बाहेर," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. एवढी जवळ ती किती वर्षांत बसली नव्हती.

चौथ्या दिवशी भर दुपारी मी रोजा मोडला. पाण्यानं नाही, औषधानंही नाही. जुन्या अड्ड्यावर जाऊन गर्द ओढली.

ईद झाल्यावर केंद्रावर परत गेलो. नर्सबाईंनी फॉर्म पुढे सरकवला. त्यात 'उपचारात खंड पडण्याचे कारण' असं छापलं होतं आणि पुढे एक रेघ होती. कागदाच्या दोन्ही बाजू भरतील एवढं माझ्याकडे होतं.

मी 'घरगुती' असं लिहिलं आणि सही केली.