कानटोपी ते खाजकुयली

मला या कामावर घेतलं ते माझ्या इंग्रजीसाठी. श्रीरामपूरच्या एका लहान दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम, पुण्याचे काही डॉक्टर आणि परदेशातला एक गट मिळून लहान मुलांच्या त्वचेच्या आजारांवर संशोधन करत होते. तिकडून आलेले प्रश्न मराठीत आणायचे आणि इकडची उत्तरं इंग्रजीत पाठवायची, एवढंच माझं काम. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण चारचौघांत मराठी बोलायची वेळ आली की मला दुसऱ्या कुणाचे तरी कपडे घालून आल्यासारखं वाटतं. इंग्रजीतही मी फार बोलते असं नाही. कडेची खुर्ची, मांडीवर कागद आणि कुणी विचारलं तरच उत्तर. हे काम मला आवडलं ते त्यामुळेच.

शनिवारी आम्ही राहात्याजवळच्या एका गावात जायचो. उसाच्या मधोमध जिल्हा परिषदेची शाळा. सकाळची शाळा सुटली की एक वर्ग आम्हाला मिळायचा. इसब असलेली मुलं आपापल्या आयांबरोबर तिथे थांबायची. कोपराच्या, गुडघ्यामागच्या आणि मानेच्या घडीत त्यांची कातडी कोरडी आणि लाल झालेली असायची, आणि हात सारखा तिकडे जायचा.

परदेशातून आलेला पहिला प्रश्न साधा होता. गेल्या आठवड्यात किती खाज आली? शून्य ते दहा यांपैकी एक आकडा सांगा. मी तो मराठीत आणला, दोनदा तपासला आणि समाधानाने कडेला बसले.

"दहा!" पहिला मुलगा ओरडला.

मॅडमनी त्याचे कोपर पाहिले. जवळजवळ बरे झाले होते. "अरे, खरंच दहा?"

"व्हय. मागच्या चाचणीतबी दहाच हुते."

त्याच्या आईने कौतुकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. पुढच्यानेही दहाच सांगितले. त्याच्यामागचा प्रामाणिक होता. तो म्हणाला, "मला साडेनऊ द्या. मी कधीकधी खाजवायचं इसरतो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदात डोकं खुपसलं. दहापैकी आकडा विचारला तर आमच्याकडचं मूल मार्कच सांगणार, हे ना तिकडे कुणाला सुचलं होतं, ना मला. मी तर आयुष्यभर मार्कांसाठीच आकडे सांगत आले होते.

मग एका पाचवीतल्या मुलीचा नंबर आला. दोन वेण्या, निळ्या रिबिनी, पूर्ण बाह्यांचा स्वेटर.

"शून्य," ती म्हणाली.

सगळा वर्ग दहाच्या मागे लागलेला असताना एकीने आपणहून शून्य घेतलं होतं. मी तिच्याकडे नीट पाहिलं. चेहरा अगदी शांत होता. पण बाकाखाली तिची उजवी टाच डाव्या पोटरीवर वरखाली चालली होती.

तिची आई मॅडमना म्हणाली, "शून्य म्हनती म्हंजी थांबली आसंल. मॅडम, ती गॅदरिंगमधी नाचायचं म्हनती. भाड्याचा ड्रेस आसतो, टिकल्या लावल्याला. मागल्या वर्षी तो घालून हिचा गळा रक्ताळला हुता. आवंदा खाज गेली आसंल तरच पाठवीन, न्हाई तर न्हाई. मी सांगून ठिवलंय तिला."

मुलगी माझ्या पेन्सिलीकडे बघत होती. शून्य कुठून आलं ते मला कळलं. काही विचारलं की आधी "ठीक आहे" म्हणायचं, ही सवय मलाही आहे, त्यामुळे ती ओळखायला मला वेळ लागत नाही. मॅडमनी तिची मान बघायला स्वेटर काढायला सांगितला, तेव्हा ती म्हणाली, "थंडी वाजती." मॅडम हसल्या आणि पुढच्या वेळेपर्यंत थांबू म्हणाल्या.

परतीच्या एसटीत मॅडम म्हणाल्या, "अगं, ही आकड्यांची पट्टी काही चालायची नाही. काय करू या?"

मी म्हणाले, "किती खाजतं असं विचारण्यापेक्षा कशासारखं खाजतं, असं विचारलं तर?" बोलून झाल्यावर मी खिडकीबाहेर बघायला लागले. मॅडमनी मात्र लगेच पुण्याला फोन लावला.

पुढच्या शनिवारी आयांना मॅडमनी व्हरांड्यात बसवलं आणि वर्गात मुलं आणि मी उरलो. कशासारखं खाजतं ते मीच विचारायचं आणि कमी ते जास्त अशी चित्रांची पट्टी फळ्यावर करायची, असं ठरलं होतं. पण प्रश्न विचारून झाल्यावर मला काही करावंच लागलं नाही.

"कानटोपी! लोकरीची!"

"ती काय खाजती व्हय? ती तर नुसती गुदगुल्या करती."

"मग ती सगळ्यात खाली. तिच्यावर डास."

"डासाच्या वर ऊस. पाचटात घुसलं की हातापायाला बारीक कुसळं लागत्यात."

"तू कवा घुसला पाचटात? तुझा बाप तुला बांधावरच बसिवतो."

"चेंडू काढाया गेल्तो की!"

"आन् सगळ्यात वर खाजकुयली!"

यावर सगळ्यांचं एकमत झालं. खाजकुयलीच्या शेंगेला नुसतं बोट लागलं तरी माणूस नाचायला लागतो म्हणे. मी फळ्यावर चित्रं काढत होते. माझा डास मुलांना कोंबडीसारखा वाटला. एकाने खडू घेऊन तो दुरुस्त केला. ऊस आणि खाजकुयली यांच्यामध्ये बरीच जागा राहिली होती. तिथे काय घालायचं यावर भांडण सुरू झालं. कुणी मुंगळे म्हणे, कुणी नवीन कपडे.

"नव्या कपड्यानं कुठं एवढं खाजतं? ऊसच जास्त," साडेनऊवाला म्हणाला.

"तुला काय म्हाईत?" निळ्या रिबिनी पहिल्यांदाच हलल्या. "उसाचं धुतलं की थांबतं. टिकल्यांच्या ड्रेसचं तसं न्हाई. काखंत आन् गळ्याला आधी टोचतं, मंग जळजळतं, आन् ड्रेस काढला तरी झोपू देत न्हाई. उसाच्या वरच हाय त्यो."

एखादा जाणकार सांगतो तसं तिने सांगितलं. मग तिला आपण काय बोलून बसलो ते कळलं, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी खडू खाली ठेवला. बाकीची मुलं मुंगळ्यांवर घसरली होती.

मधल्या वेळात ती माझ्याजवळ आली. "ताई, आईला सांगू नका."

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. "पण मॅडमना मान दाखव. आणि ड्रेसचं त्यांना विचारायला हवं. तुझं नाव न घेता विचारू?"

तिने रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "नाव घ्यायचं न्हाई," ती म्हणाली. मग व्हरांड्याच्या टोकाला जाऊन तिने मॅडमना मान दाखवली. मॅडमनी मलम बदलून दिलं.

आमच्या कामाची एक पद्धत मला फार आवडायची. पुढे कशावर संशोधन करायचं हे डॉक्टर एकटे ठरवत नसत. आया, मुलं आणि डॉक्टर गोल करून बसत आणि ज्याला जे जाणून घ्यायचं असेल ते तो सांगे. त्या दुपारीही आम्ही वर्गात तसे बसलो. एकीने विचारलं, वांगं बंद करायचं का? दुसरीने विचारलं, मोठं झाल्यावर हे जातं का? एका आजीने साबणाला शिव्या घातल्या. मग मॅडम म्हणाल्या, "आणखी कुणाचं काही?"

मुलगी जमिनीकडे बघत होती. शेवटी कडेच्या खुर्चीतून मीच बोलले, "एक प्रश्न आहे. इसब असलेल्या मुलीला टिकल्यांचा ड्रेस घालून नाचायचं असेल, तर काय करायचं?"

मॅडमनी जरा विचार केला. "खरं सांगू? पुस्तकात आम्हाला एवढंच शिकवलं, असे कपडे घालू नका."

"असं कसं न्हाई घालायचं?" एक आई म्हणाली. "लग्नात काय गोणपाट घालायचं का पोरींनी?"

"गोणपाटबी खाजतं," आजी म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. मग बायका आपापसात बोलायला लागल्या आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज त्या मुलीच्या आईचा होता. ती गावात ब्लाऊज शिवते. "आवो, त्यात काय आवघड हाय? जुनी सुती साडी घ्यायची, धुऊन धुऊन मऊ झाल्याली. आतून सगळ्या ड्रेसला अस्तर लावायचं. गळ्याला पट्टी बाहेर दुमडायची, म्हंजी टिकली कातड्याला लागतच न्हाई. कच्ची टीप मारायची, नाच झाला की उसवून ड्रेस परत. तासाभराचं काम..."

ती थांबली. आईलेकी दोघी सारख्याच. माहितीतल्या गोष्टीचा विषय निघाला की दोघींनाही राहवत नाही.

तिने हळूच मुलीकडे मान वळवली. "शून्य व्हय गं?"

मुलगी म्हणाली, "आता दहापैकी न्हाई इचारत, आई. आता चित्रं हायेत."

"मंग कुठल्या चित्रावर हायेस तू?"

मुलीने फळ्याकडे बोट केलं. डास आणि ऊस यांच्या मधे. आईने तिची वेणी बाजूला करून मान पाहिली. मला वाटलं, आता नाच गेला. मग ती मॅडमकडे वळली. "अस्तर लावलं तर चालंल का?"

मॅडम म्हणाल्या, "चालेल असं वाटतंय. आधी आठवडाभर मलम नेमाने लावायचं. नाच संपला की लगेच ड्रेस काढायचा, अंगावर पाणी घ्यायचं आणि परत मलम. खात्रीने सांगायला मात्र हे तपासून बघायला पाहिजे." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लिही. हाही प्रश्न यादीत."

परदेशातल्या गटाबरोबरच्या व्हिडिओ कॉलवर तो प्रश्न मलाच समजावून सांगावा लागला. गॅदरिंग काय, टिकल्या काय, पाचट काय. हीच चित्रं मग कर्जतच्या कोरडवाहू भागातल्या एका शाळेतही नेली होती; तिथल्या मुलांनी उसाच्या जागी बाजरीच्या मळणीतला भुसा घातला होता, तेही सांगितलं. मी किती वेळ बोलत होते ते मला मॅडमनी नंतर सांगितलं. पलीकडच्या बाईंनी लहानपणी शाळेच्या नाटकात आपण मेंढी झालो होतो, ते लोकरीचं कातडं अजून आठवतं, असं सांगितलं.

गॅदरिंगला मी गेले. स्टेज म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या एकमेकींना जोडलेल्या. निळ्या रिबिनी दुसऱ्या ओळीत होत्या. गाण्याच्या मधेच स्पीकर बंद पडला, तरी ती एकटी ठेका न चुकता नाचत राहिली आणि तिच्याकडे बघून बाकीच्या. लोकांनी टाळ्यांचाच ठेका धरला.

मागच्या वर्गात ती हातपाय धुऊन, मानेला मलम लावून, जुन्या फ्रॉकमध्ये बसली होती. मी विचारलं, "कशासारखं?"

"नाचताना कायच न्हाई." मग तिने मानेला हात लावून प्रामाणिकपणे विचार केला. "आता कानटोपी."

तिची आई शेजारी खाली बसून दातांनी दोरा तोडत ड्रेसचं अस्तर उसवत होती. भाड्याच्या ड्रेसवाल्या दुकानदाराचा माणूस दारात घाई करत होता. तिने ड्रेस झटकून त्याच्या हातात दिला. अस्तर मात्र नीट घडी घालून पिशवीत ठेवलं.

"ऱ्हाऊ दे," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "पुढल्या वर्साला लागंल."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मग हसू दिसू नये म्हणून खाली मान घालून वेणीची रिबीन सोडायला लागली.